पिकवणीच्या खोलीत

चोपड्यात, यावल रस्त्याला,
मामांनी केळी पिकवायची खोली मला दिली
तेव्हा भिंतींत चार इंच थर्माकोल आधीच होता.
मी गाद्या लावल्या,
दाराच्या फटीला सायकलची ट्यूब ठोकली
आणि माइक आणला, वापरलेला,
बऱ्हाणपूरच्या एका भजनवाल्याचा,
त्याच्या जाळीला अजून तंबाखूचा वास येतो.
केळीचाही गेलेला नाही.
इथं गायलेलं गाणं थोडं पिकून निघतं,
असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.
ते हसतात, आणि तासाचे पैसे कमी कर म्हणतात.

हिरकणाबाई आल्या तेव्हा जिनला सुट्टी होती.
केसांत कापसाचा तंतू.
एकवीस वर्षं रेच्यावर कापूस लोटता लोटता
रेच्याच्या वर ऐकू जाईल असं गातात.
हळदीची गाणी दीडशे तरी असतील त्यांच्याकडे,
कुणी मोजलेली नाहीत.

पहिल्याच ओळीला दिवा लाल.
मावशी, जरा मागे.
वीतभर मागे. लाल.
दोन हात मागे, पाठ दाराला. तरी लाल.
गेन पार तळाला आणला
आणि म्हटलं, हळू गा, कुणाच्या कानात सांगावं तसं.
त्या म्हणाल्या,
कानात सांगायचं गाणं आम्हाला येत नाही.

मग बांगड्या.
हात हलला की किणकिण,
समेच्या जरा आधी, दर वेळी.
मी म्हणालो, काढून ठेवता का?

खोली तशीही मुकी.

त्यांनी पिशवीतून डब्याचं फडकं काढलं,
भाकरीचा चुरा कोपऱ्यात झटकला,
फडक्याच्या दोन चिंध्या केल्या,
मनगटांवर बांगड्यांसकट गुंडाळल्या
आणि दुसरी गाठ दातांनी आवळली.
लाव, म्हणाल्या.

मी बाहेर बसतो, पूर्वी वजनकाटा होता त्या कोनाड्यात.
चार ठोके दिले. गाणं नाही.
पुन्हा चार. नाही.
हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरलेला,
नजर छताला.
"हाऊ कोना दम शे, भाऊ?"

त्यांचाच होता.
माइकमधून श्वास असतो त्याहून हातभर मोठा येतो,
मला सवय आहे,
कुणी तो पहिल्यांदा ऐकत असेल हे डोक्यातच आलं नाही.
जिनमध्ये यंत्र, घरी मिक्सर, नातवंडं, टीव्ही,
कुठं ऐकायचा स्वतःचा दम?
आत जाणारी हवा, आणि तिच्या टोकाला बारीक शीळ.
ती शीळ मला माहीत होती.
आमचे दादाही जिनमध्येच होते,
रात्री पत्र्याखाली मी ती मोजत झोपायचो.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, तुमचाच आहे, मावशी, चांगला आहे.

बराच वेळ त्या ऐकत राहिल्या.
मग म्हणाल्या, मशीन लाव.
कुठलं?
कुठलंही, आवाज करणारं.

छतावर केळीच्या वेळचा कॉम्प्रेसर होता,
दोन वर्षांत हात लावला नव्हता.
खटका ओढला. तो खोकला, थांबला,
मग लागला; गाद्यासुद्धा थरथरल्या.
रेकॉर्डिंग शिकताना मला पहिली गोष्ट शिकवली होती
ती म्हणजे पंखा बंद कर.

आणि बाई गायल्या.
अर्ध्या ओळीत सूर शोधला,
कॉम्प्रेसर काळी दोनच्या जरासा खाली घुमत होता,
त्याच्यावरच जाऊन बसल्या,
आणि सात कडवी, कुठं न अडता,
नवरीच्या मामाला, करवलीला, व्याह्याच्या मिशीला
नावं ठेवत ठेवत.
दिवा पिवळ्यावर राहिला.
चिंधीतून एकदाच किण झालं, पाचव्या कडव्यात.

रात्री घरघर काढायला बसलो.
काढली की आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा,
परत ठेवली.
श्वास कापायचे असतात, तेही राहिले.

दोन दिवसांनी धरणगावचा डीजेवाला आला,
प्रवीण चव्हाण, लग्नसराईची घाई.
डोळे मिटून ऐकलं. म्हणाला,
मागे हे घुमतंय ते काय आहे?

तानपुरा, मी म्हणालो.

मग जरा वाढव ना.

वाढवला.